न गेलेला मुराळी

प्रिय बायजा,

धाकट्या माणसाला पत्र लिहिताना वर ‘चिरंजीव’ घालायचं, असं गावठी शाळेत पंतोजींनी आमच्याकडून घटवून घेतलं होतं. सवयीनं मी तसंच लिहिलं. मग हात थांबला. तुला आता ते कसं लिहू? तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

तू जाऊन परवा वर्ष झालं. तुझ्या नावानं काहीतरी करावं म्हणून मी भूमकडं तुझ्या चुलत्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, पोर दिली ती दिल्या घरची झाली, काय करायचं ते सासरचे करतील. येताना भटजींना गाठलं. त्यांनी विचारलं, मुलगी तुमची कोण? मी म्हणालो, सांभाळलेली. मग त्यांनी जात विचारली. मी घोंगड्या विणणारा सणगर, तू धनगर. ते म्हणाले, तुम्हाला तिचं सुतकच लागत नाही, तर श्राद्ध कुठलं? वाईट बोलले नाहीत. समजावून सांगितलं, ताक प्यायला दिलं.

म्हणजे घास ठेवायला मी तुझा कोणी नाही. पाणी सोडायलाही नाही. तिसरीपर्यंत शिकलेली अक्षरं तेवढी माझी आहेत, त्यांना कोणी हरकत घेणार नाही. म्हणून हे पत्र. वाचताना तुला जोडाक्षरं लागत नव्हती, तेव्हा जमेल तेवढं सोपं लिहितोय. जिथं अडशील तिथं सोडून पुढं जा.

एक गोष्ट मात्र सांगतो. तुझी बातमी आली तेव्हा मी दहा दिवस मागावर बसलो नाही. लोकांना सांगितलं, कंबर धरलीय. शेजारच्या सखूबाईला तेवढं खरं कळलं असावं. ती दहा दिवस भाकरी देऊन गेली आणि एकदाही कंबरेचं विचारलं नाही.

तू आलीस तो दिवस तुला आठवतो का? तुझा बा दरवर्षी थंडीत मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरायचा आणि लोकर मला द्यायचा. त्या वर्षी पटकी आली. ओढ्याकाठच्या पालात तुझी आई सकाळी गेली, बा दुसऱ्या दिवशी. तुझा चुलता आला, त्यानं मेंढरं हाकून नेली आणि तुला माझ्या ओसरीवर आणून बसवलं. “चार दिवस ठिवा, सोय लावून येतो,” म्हणाला. त्या चार दिवसांची चार वर्षं झाली.

मेंढरं तेवढी नेली आणि तुला ठेवून गेला, ह्याचा मला राग आला होता. आणि बायजा, तो राग चुलत्यावर नव्हता, तुझ्यावर होता. आता खोटं कशाला लिहू? बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ झालेलं नाही, साठीला टेकलेला माणूस मी. बारा वर्षांच्या पोरीला जेवायला काय घालायचं इथपासून मला धास्ती.

आणि धास्तीच तर माझा धंदा! घोंगड्या नंतर. तुझे आई-बा पाण्यानं गेले म्हणून मी तुला बारवेवर जाऊ देईना. पाणी उकळून, फडक्यानं गाळून द्यायचो. सकाळी उठलं की आधी तुझं कपाळ चाचपायचो. तू तीन आठवडे काही बोलली नाहीस आणि पहिलं वाक्य बोललीस ते हे: “घोंगडीवाले, तुमचं पाणी धुरकट लागतं.”

घोंगडीवाले! बाजारातल्या गिऱ्हाइकानं म्हणावं तसं. वर्षभर तू मला तेच म्हणत होतीस. मी तुला ‘ए पोरी’ म्हणायचो. दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. तुझ्या बाची जागा तुला कुणाला द्यायची नव्हती, आणि मला ती मागायचा धीर नव्हता.

मग खळीनं आपल्याला कामाला लावलं. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावायची, तर ताण्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं लागतात. बायको गेल्यापासून मी कुणाकुणाच्या विनवण्या करून ते काम उरकत होतो. तू एके दिवशी न सांगता उठलीस, दुसरा कुंचा घेतलास आणि पलीकडं उभी राहिलीस. मी इकडून एक पाऊल सरकलो की तू तिकडून एक पाऊल. मध्ये तो काळा ताणा. तुझा हात माझ्यापेक्षा सारखा पडायचा. मी ते कधी बोललो नाही. बोललो ते एवढंच, की उन्हात डोक्यावर फडकं घे, चक्कर येईल. तू म्हणालीस, वारा सुटला तरी तुम्हाला कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. सखूबाई भिंतीपलीकडं हसली.

परंड्याच्या बाजारात एकानं विचारलं होतं, ही पोरगी कोण तुमची? मी म्हणालो, कोणी नाही, धनगराची आहे, ठेवून घेतलीय. मी खरंच ते वाईट मनानं म्हणालो नव्हतो. उगाच दुसऱ्याच्या पोरीवर हक्क कशाला सांगायचा, असं वाटलं. घरी आल्यावर तू भाकरी केलीस, माझ्यापुढं ठेवलीस आणि स्वतः सखूबाईकडं जेवलीस.

पुढच्या बाजारी तुझा डाव आला. एक पाटील घोंगडी उलटून पालटून बघत होता. त्यानं तुला विचारलं, म्हातारा कोण गं तुझा? तू म्हणालीस, “आमचा आबा हाय. कानानं लई कमी ऐकतो, तुमी माझ्याशीच बोला.”

मला तर सुई पडलेली ऐकू येते! पण त्या दिवसापासून सगळा परंडा माझ्याशी ओरडून बोलायला लागला, अजून बोलतो. घरी आल्यावर मी रागानं विचारलं, मी बहिरा कधी झालो? तू म्हणालीस, तुम्ही मागच्या बाजारी मला कोणी नाही म्हणालात ते तुमचं तुम्हालाच ऐकू आलं नाही, म्हणून मला वाटलं.

तेव्हापासून तू मला आबा म्हणायला लागलीस. मी तुला नावानं हाक मारायला लागलो. तू नसताना लोकांशी बोलताना ‘आमची बायजा’ असंही म्हणायचो. तुझ्यासमोर मात्र ते तोंडातून निघायचं नाही. का नाही निघायचं? तू एकदा तापानं फणफणलीस तेव्हा वैद्याच्या दारात मी माझी पोर, माझी पोर म्हणून रडलो होतो. तू शुद्धीवर नव्हतीस. बरी झाल्यावर तुला सांगायचं होतं. मग वाटलं, राहू दे, आता बरी आहे ना.

चौथ्या वर्षी चुलता आला. तुझी उंची बघून त्याला तू आठवलीस. बार्शीकडच्या एका गावात त्यानं स्थळ ठरवूनच आणलं होतं. सखूबाई मला आत बोलावून म्हणाली, तुम्ही बोला, पोर इथं वाढलीय, तिला विचारा तरी. मी बाहेर येऊन तुझ्या चुलत्याला म्हणालो, तुमचीच पोर आहे, तुम्ही ठरवाल ते खरं. तू दाराआड लोकर पिंजत होतीस. कमानीचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. तेवढंच.

मुलगा चांगला होता. मी स्थळाला दोष देत नाही. मी स्वतःला विचारतो ते वेगळंच. तुला विचारायला माझं काय जात होतं?

कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. मी एकटा माणूस, मला बसताही आलं नसतं. पण पाठवणीच्या वेळी मी मांडवामागं जाऊन बैलगाडीच्या दोऱ्या ओढून बघत बसलो, गाठ सैल आहे की काय म्हणून. तू मला शोधत तिथं आलीस. वाकलीस, आणि वर बघत विचारलंस, “आबा, पंचमीला कोण येणार मला न्यायला?”

मी म्हणालो, “चुलते येतील की. त्यांचा मान हाय.”

“मान असू द्या त्यांचा,” तू म्हणालीस. “माझं म्हायेर कुठलं, ते सांगा.”

मी दोरीला हात लावून उभा राहिलो. तुला गाडीत बसवायला बायका आल्या.

सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा मुराळी जातो. कुणी भाऊ असतो, कुणी बाप, कुणी नुसता गडी. पण कुणीतरी जातं. पहिल्या पंचमीला तुझ्याकडं कोणी गेलं नाही. मला वाटलं चुलता गेला असेल. चुलत्याला वाटलं, पोर तर सणगराचंच नाव घेत असते, तोच नेईल. हे मला फार उशिरा कळलं. गावच्या पोरी झाडाला झोके बांधत होत्या आणि मी दारात बसून विचार करत होतो, की न बोलावता गेलो आणि चुलता तिथं आधीच बसलेला असला तर माझं तोंड कसं दिसेल.

त्यानंतर गडबडीचं साल आलं. आमच्या मोगलाईतनं, नवाबाच्या राज्यातनं, पूर्वीच्या इंग्रजी हद्दीत, म्हणजे तुमच्या बाजूला, जायचं तर नाक्यावर हत्यारवाली माणसं वाटसरूंना अडवायला लागली. गावंच्या गावं पलीकडं जाऊन राहिली. मी रोज ऐकायचो आणि रोज दाराला अडसर घालायचो. अशात गावोगाव फिरणारा कासार तुझा निरोप घेऊन आला. तुला सातवा लागला होता. बांगड्या भरताना तू त्याला सांगितलंस, “आमच्या आबास्नी सांगा, आता तरी मुराळी धाडा.”

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे कुणी मला सांगायला पाहिजे होतं का? मी त्याच दिवशी पटका बांधला. आणि बायजा, मी कुठं गेलो असेन? तुझ्याकडं नाही. मी भूमकडं, चुलत्याची परवानगी घ्यायला गेलो.

तो मेंढरं घेऊन लांब गेलेला. मी दोन दिवस त्याच्या ओसरीवर बसून राहिलो. शेवटी तुझी चुलती वैतागून म्हणाली, “अवं, तुमीच आणा की तिला. आमी कुठं न्हाय म्हणतोय?” तिथून परत घरी आलो. सखूबाईला सांगून खोली सारवून घेतली. बाज विणून घेतली. डिंक आणला. पुन्हा दोन दिवस गेले. वाट धोक्याची म्हणून सोबत शोधत आणखी चार दिवस गेले. सोबत मिळाली नाही तेव्हा एकटा निघालो.

आता नाक्याचं लिहितो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नाक्यावर माझ्यापुढं एक बैलगाडी होती. गाडीवाला माझ्याच वयाचा. हत्यारवाल्या माणसानं त्याला विचारलं, किधर जा रा? तो हात जोडून म्हणाला, बेटी की जचगी है, लाने जा रा हूं. लेकीच्या बाळंतपणाचं म्हणत होता. त्या माणसानं गाडीतलं गवत काठीनं उसकटून बघितलं आणि म्हणाला, जाव, जल्दी आव. गाडी गेली.

मग मी. मलाही तेच विचारलं. मी म्हणालो, बार्शीकडं, एका पोरीला आणायला.

“कौन लगती तेरी?”

बायजा, माझ्यापुढच्या माणसानं काय उत्तर दिलं ते मी नुकतंच ऐकलं होतं. तो शब्द तिथंच होता, मला नवा शोधायचा नव्हता. पण मनात आलं, बेटी म्हटलं आणि बापाचं नाव विचारलं तर? सासरचं नाव विचारलं, जात विचारली, सणगराची बेटी धनगराच्या घरात कशी म्हणाले तर? खोटं बोलताना सापडलो तर? एवढं सगळं एका दमात मनात आलं आणि तोंडातून निघालं, “पैचान की है.”

तो हसला. “पैचान के वास्ते जान देता क्या बुड्ढे? घरकू जा.”

आणि मी घरी आलो.

त्यानं काठी उगारली नाही. ढकललं नाही. मी वाद घातला नाही, हात जोडले नाहीत, झाडाखाली बसून पुन्हा विचारलं नाही. ‘घरी जा’ म्हणाला आणि मी आलो. वाटेत स्वतःची समजूत घालत होतो, की आठ दिवसांनी गडबड निवळेल, मग जाऊ. अजून दिवस आहेत. घरी येऊन त्या नव्या बाजेवर बसलो आणि मला, खरं सांगतो, जरा सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

पुढं तो कासारच आला. ओसरीवर चढला नाही. खालूनच म्हणाला, मुलगी झाली, ती आहे. बायजा नाही. तीन दिवस कळा देत होतीस म्हणे. दिवसही पुरते भरले नव्हते.

तू माझ्याकडं असतीस तर वाचली असतीस का? कुणास ठाऊक. इथं तरी कुठला मोठा डॉक्टर बसलाय? सखूबाई म्हणते, ज्याची त्याची वेळ. सुईण म्हणाली, अशा वेळी कुणाचं काही चालत नाही. त्या दोघी मला बरं वाटावं म्हणून बोलतात. पण मी वाचण्याचं विचारतच नाहीये. तू वाट बघत होतीस, तेवढंच विचारतोय. त्याचं उत्तर कुणाकडं आहे?

राज्य बदललं, वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा थंडीत मी तुझ्या सासरी जाऊन आलो. दारात तुझी सासू होती. तिनं विचारलं, तुम्ही कोण? आणि मी म्हणालो, परंड्याकडचा सणगर. झालं! आणखी एकदा. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, “म्हंजी आबा आबा करायची, ते तुमीच व्हय?”

तिनं बसायला घोंगडं टाकलं. आपलंच होतं ते, काठावरची तुझी वीण मी ओळखली. सासू वाईट नाही, बायजा. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. तू दोन आठवडे गाठोडं बांधून ठेवलं होतंस. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की उठायचीस. जावा चेष्टा करायच्या. शेवटी तू गाठोडं सोडून कपडे खुंटीला लावलेस. सासू म्हणाली, “आमाला वाटलं, हिला कोणी न्हाय. पोरगी आपली उगंच सांगती.”

खोटी ठरलीस ना माझ्यामुळं? चार घरांत सांगत होतीस माझा आबा येईल, आणि मी तुला खोटं पाडलं.

मग तिनं तुझी लेक आणून माझ्यापुढं गोधडीवर ठेवली. रंग तुझा, कपाळ तुझं. माझा पटका बघून जे रडायला लागली ते थांबेना. मी कपाळाला हात लावून बघितलं. थंड होतं, बरं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? मी विचारलं, पाणी उकळून देता का हिला? सासूनं कपाळावर हात मारला. “आता पाण्याचं सांगाया आलाय व्हय?” तिचं काही चुकलं नाही.

तिला घेऊन जातो, असं मी म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? दूध पिणारं पोर, आणि माझ्या घरात बाईमाणूस नाही. कायद्यानं, जातीनं, कशानंच ती माझी कोणी नाही. तुझ्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलंय, हे तुला कळलं असेल तर वाईट वाटून घेऊ नको. घरात लेकराला आई लागते. नवी पोरगी तिला कडेवर घेऊन हिंडत होती.

आता खळ लावायला पलीकडं कोणी नसतं. मी एका अंगानं लावतो, मग फिरून दुसऱ्या अंगाला जातो, तोवर पहिली वाळते. घोंगडी खरखरीत निघते. गिऱ्हाईक ओरडून विचारतं, आबा, आता पहिल्यासारखं काम का नाही? मी ऐकू न आल्यासारखं करतो.

पंचमी महिन्यावर आली. सखूबाईला मी सांगून ठेवलंय, की मी बार्शीकडं जाणार आहे, तुझ्या लेकीला दोन दिवस माहेराला आणायला. ती म्हणाली, डोकं फिरलं का? एक वर्षाचं पोर कोण पाठवेल, आणि तुमच्याकडं? माहेराला सासुरवाशीण येते, तान्हं पोर येतं का? मला हे सगळं कळतं, बायजा. ते देणार नाहीत. मला ओसरीवर बसवतील, पाणी देतील, आणि मी मोकळ्या हातानं परत येईन. तरी मी जाणार. पुढच्या पंचमीलाही जाईन, त्याच्या पुढच्याही. ती चालती होईल, बोलती होईल, कधीतरी विचारेल की हा म्हातारा दरवर्षी कशाला येतो. तेव्हा तिला कुणीतरी सांगेल.

मी कुणाची परवानगी घेणार नाही. चुलत्याकडं जाणार नाही. आणि ‘तुम्ही कोण’ असं कुणी विचारायची वाटही बघणार नाही, कारण विचारलं की मला काय होतं ते आता मला माहीत आहे. दारात पोचल्या पोचल्या मीच सांगेन, बायजाचं माहेर आलंय म्हणून. धास्ती तर वाटेलच. पण तेवढं सांगितल्याशिवाय मी त्या दारातून हलणार नाही, हा माझा तुला शब्द.

उशीर झालाय, हे मला कळतं.

तुझ्या माहेराहून,
आबा